फिट मेंदूत येते, मग पाणी फुफ्फुसात का साठतं?

मोठी फिट येऊन जाते. हातापायांचे झटके थांबतात, ताठरलेलं अंग सैल पडतं आणि आजूबाजूच्या माणसांच्या जिवात जीव येतो. बहुतेक वेळा खरोखरच तिथं सगळं निभावतं. माणूस हळूहळू भानावर येतो, डोकं दुखतंय म्हणतो, अंग ठेचल्यासारखं झालंय म्हणतो आणि गाढ झोपी जातो. क्वचित मात्र फिट थांबून पंधरा-वीस मिनिटं झाली तरी श्वास ताळ्यावर येत नाही. उलट धाप वाढत जाते. छातीतून बुडबुड असा ओला आवाज येऊ लागतो, ओठ निळसर दिसतात, आणि खोकल्याबरोबर गुलाबीसर फेस बाहेर येतो.

अशा वेळी घरच्यांच्या मनात दोनच शक्यता येतात. एक तर काहीतरी घशातून श्वासनळीत गेलं असेल, नाहीतर हृदयाचं काहीतरी बिघडलं असेल. दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्ही तपासाव्याच लागतात. पण तिसरी एक शक्यता आहे, जी अपस्माराच्या अनेक रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना कुणी कधी सांगितलेलीच नसते. फुफ्फुसं आणि हृदय आधी अगदी ठणठणीत असली, घशात काहीही अडकलेलं नसलं, तरी केवळ त्या फिटमुळे फुफ्फुसांत पाणी भरू शकतं. डॉक्टर याला न्यूरोजेनिक पल्मनरी इडिमा म्हणतात.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या, अपस्माराच्या रुग्णांसाठीच असलेल्या एका वसाहतीत काम करणाऱ्या डॉ. शॅनहन यांनी १९०८ सालीच फिटनंतर अचानक फुफ्फुसं पाण्यानं भरलेल्या रुग्णांचं वर्णन छापलं होतं. तेव्हा एक्स-रे तंत्र बाल्यावस्थेत होतं आणि मेंदूचा विद्युत आलेख काढणारं ईईजी माणसासाठी अजून यायचं होतं. तरीही निव्वळ निरीक्षणातून त्यांना संबंध दिसला. इतका जुना संबंध आजही इमर्जन्सी विभागात कित्येकदा पटकन ध्यानात येत नाही, कारण मेंदूचा आजार बघणारे आणि फुफ्फुसं बघणारे डॉक्टर वेगवेगळे असतात आणि हा प्रकार नेमका दोघांच्या मधल्या जागेत घडतो.

आधी एक घोळ दूर करू. बोलताना आपण ‘छातीत पाणी झालं’ म्हणतो, तेव्हा बहुधा फुफ्फुसाच्या बाहेर, त्याच्याभोवतीच्या आवरणात साठलेल्या पाण्याबद्दल बोलत असतो. ते पाणी सुई घालून काढता येतं. इथं विषय त्याचा नाही. इथं पाणी फुफ्फुसाच्या आत, जिथं हवा असायला हवी त्या बारीक वायुकोशांत शिरलेलं असतं. सुईनं ते काढता येत नाही. ते शरीरालाच शोषून परत घ्यावं लागतं.

या वायुकोशांकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यांच्या भिंतीत दडलेली आहे. माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून असे कोट्यवधी वायुकोश असतात. प्रत्येकाभोवती केशवाहिन्यांचं, म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचं, दाट जाळं. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि मध्ये पडदा. हा पडदा बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पडदा इतका पातळ असल्याशिवाय प्राणवायू रक्तात सहज उतरणार नाही, आणि इतका पातळ असल्यामुळेच तो दाब फारसा सोसू शकत नाही.

म्हणून शरीरानं फुफ्फुसांतला रक्तदाब मुळातच कमी ठेवलाय. हातातल्या धमनीत आपण मोजतो त्या रक्तदाबाची सरासरी साधारण ९० ते ९५ असते, तर फुफ्फुसाच्या धमनीत ती १५च्या आसपास. केशवाहिन्यांत पोहोचेपर्यंत दाब १०च्या आतबाहेर उरतो. रक्तातली प्रथिनं पाण्याला आत धरून ठेवतात आणि त्यांची ती ओढ साधारण २५ इतकी असते. थोडक्यात, बाहेर ढकलणारा जोर कमी आणि आत धरून ठेवणारा जास्त. जे थोडंफार पाणी तरीही झिरपतं ते लसिकावाहिन्या मुकाट्यानं उचलून नेतात. हा हिशोब सांभाळला जातो तोवर वायुकोश कोरडे राहतात. मोठ्या फिटमध्ये तो काही मिनिटांत कोलमडू शकतो.

वादळ नसांमधून छातीत उतरतं

सगळं शरीर ताठ होऊन मग झटके देणारी जी फिट असते, तिला टॉनिक-क्लोनिक फिट म्हणतात. ती साधारण १ ते ३ मिनिटं चालते. बाहेरून दिसतात ते स्नायूंचे झटके. आत त्याच वेळी आणखी एक मोठी उलथापालथ चाललेली असते आणि ती कुणाला दिसत नाही. मेंदूतला विजेचा लोंढा हायपोथॅलॅमस आणि मेंदूच्या देठापर्यंत पोहोचतो. रक्तदाब, हृदयाचे ठोके आणि श्वास यांचं नियंत्रण तिथूनच होतं. तिथून निघालेला आदेश सिम्पथेटिक मज्जासंस्थेला एकदम पेटवतो. ही तीच यंत्रणा, जी भीतीच्या किंवा संकटाच्या क्षणी आपल्याला पळायला किंवा लढायला तयार करते. अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तात धो धो सुटतात.

नॉरअ‍ॅड्रिनलिनमुळे हातापायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. तिथलं रक्त मग छातीकडे ढकललं जातं. हृदयाच्या डाव्या भागाला एकाच वेळी दोन ओझी पेलावी लागतात: येणारं रक्त वाढलेलं, आणि पुढच्या धमन्या आवळलेल्या असल्यामुळे ते बाहेर ढकलणं अवघड. रक्त मागं तुंबतं. डाव्या हृदयाच्या मागं काय असतं? फुफ्फुसं. त्यातच फुफ्फुसातून बाहेर पडणाऱ्या शिराही आवळल्या जातात. मधल्यामध्ये सापडतात त्या केशवाहिन्या. त्यांच्यातला दाब एकदम चढतो, २५चा उंबरठा मागं पडतो आणि पाणी वायुकोशांत उतरू लागतं.

एवढंच असतं तर गोष्ट सोपी होती. पण डॉक्टरांना बरीच वर्षं एक कोडं सुटत नव्हतं. रुग्ण त्यांच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा रक्तदाब नॉर्मल असतो, हृदयातले दाबही अनेकदा ठीक असतात, तरी फुफ्फुसं ओलीच. शिवाय त्या पाण्यात कधी कधी भरपूर प्रथिनं सापडतात. नुसत्या दाबानं पाणी गळलं असेल तर ते पातळ, प्रथिनं कमी असलेलं असायला हवं. प्रथिनं बाहेर आली म्हणजे भिंतच कुठंतरी फाटलीय.

जेम्स थिओडोर आणि यूजीन रॉबिन यांनी १९७५ साली याचं जे स्पष्टीकरण मांडलं ते आजही पायाभूत मानलं जातं. त्यांचं म्हणणं असं की दाबाचा उसळा थोडाच वेळ टिकतो, पण तेवढ्यात केशवाहिन्यांच्या भिंतींना इजा करून जातो. दाब नंतर उतरला तरी इजा झालेल्या भिंतीतून गळती चालू राहते. मोजमाप करणारा माणूस उशिरा पोहोचतो, म्हणून त्याला कारण दिसत नाही, फक्त परिणाम दिसतो. केशवाहिन्यांतला दाब फार वाढला की त्यांच्या भिंतीला खरोखरच सूक्ष्म चिरा पडतात, हे पुढे प्राण्यांवरच्या अभ्यासात सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. त्या चिरांमधून लाल रक्तपेशीही निसटतात. खोकल्यातला फेस गुलाबी दिसतो तो त्यांच्यामुळे.

मूळ मज्जासंस्थेत आहे याचाही पुरावा प्राण्यांवरच्या प्रयोगांतून मिळाला. मेंदूकडून खाली येणारी सिम्पथेटिक वाट तोडली, किंवा नॉरअ‍ॅड्रिनलिनला रक्तवाहिन्यांवर काम करू न देणारं औषध आधीच दिलं, की फुफ्फुसांत पाणी भरणं टळत असे. म्हणूनच डोक्याला जबर मार, मेंदूत रक्तस्राव अशा इतर मोठ्या आघातांनंतरही हाच प्रकार दिसतो. फिट हे त्यातलं एक कारण.

घसा आणि हृदय

वादळाची वाट ही मुख्य असली तरी एकटी नाही. फिटच्या वेळी स्वरयंत्राचे स्नायूही आवळले जाऊ शकतात आणि घशाचं दार काही क्षण बंद होतं. छातीचे स्नायू मात्र श्वास ओढायचा प्रयत्न करतच राहतात. सुईच्या जागी बोट दाबून पिचकारीचा दट्ट्या मागं खेचून पाहा. आत हवा येत नाही, पण केवढी ओढ निर्माण होते! बंद घशामागं छातीत तसंच होतं. ती ओढ मग केशवाहिन्यांतलं पाणीच वायुकोशांत खेचते. भूल उतरताना घसा आवळला गेलेल्या, एरवी निरोगी तरुणांमध्येही असं पाणी भरतं आणि भूलतज्ज्ञांना ते चांगलं ठाऊक असतं.

हृदयाची गोष्ट वेगळी. अ‍ॅड्रिनलिनच्या माऱ्यानं हृदयाचा स्नायू स्वतःच काही काळ सुन्न पडू शकतो. त्याचं टोक फुगून राहतं, नीट आकुंचन पावत नाही. टाकोत्सुबो नावानं हा प्रकार ओळखला जातो. मोठं दुःख किंवा धक्का बसल्यावर तो होतो हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असेल, पण फिटनंतरही तो होतो. हृदय असं मंदावलं की फुफ्फुसांत रक्त तुंबणारच. म्हणून फिटनंतर धाप लागलेल्या रुग्णाचा ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको करणं ही उगाच वाढवलेली तपासणी नसते. हा सुन्नपणा बहुतेकदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो.

आणि या सगळ्यावर प्राणवायूची टंचाई. फिट चालू असताना श्वास अनियमित होतो, कधी थांबतोही. रुग्णालयात ईईजीखाली नोंदवलेल्या ३०४ फिट्सच्या एका अभ्यासात, जो २००८ साली प्रसिद्ध झाला, सुमारे एक तृतीयांश फिट्समध्ये रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली गेला होता. ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात आणि आधीच चढलेल्या दाबात भर पडते.

प्रत्येक धाप म्हणजे पाणी नव्हे

हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये म्हणून हेही सांगायलाच हवं. मोठ्या फिटनंतर थोडा वेळ जोरजोरात श्वास चालणं अगदी स्वाभाविक आहे. सगळे स्नायू एकदम राबल्यामुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं आणि ते निवळावं म्हणून शरीर श्वासाचा वेग वाढवतं. हे तासाभरात आपोआप उतरणीला लागतं. घुरघुर आवाजही पुष्कळदा घशात साचलेल्या लाळेचा असतो, कुशीवर वळवलं की कमी होतो. तोंडाशी रक्त दिसलं तरी ते जीभ किंवा गाल चावल्याचं असण्याची शक्यता कितीतरी जास्त. फरक दिशेत आहे. साधी धाप वेळेबरोबर कमी होत जाते. पाणी भरत असेल तर ती वाढते, आडवं झोपवल्यावर जास्त त्रास होतो, आणि फेस तोंडातल्या जखमेतून न येता खोकल्यातून पुन्हा पुन्हा येतो. बहुतेकदा हे फिटनंतर काही मिनिटांत ते काही तासांत सुरू होतं. थोड्या रुग्णांत मात्र १२ ते २४ तास उशिरा.

डॉक्टरांपुढचा खरा पेच असतो तो उलटी किंवा लाळ श्वासनळीत गेल्यानं होणाऱ्या न्यूमोनियाचा. दोन्हींत धाप, दोन्हींत ऑक्सिजन कमी, दोन्हींत एक्स-रेवर पांढरे डाग. एक्स-रे बारकाईनं पाहिला तर काही खुणा मिळतात. मेंदूच्या वादळानं भरलेलं पाणी सहसा दोन्ही फुफ्फुसांत, बऱ्यापैकी सारखं पसरलेलं दिसतं. घशातून गेलेला पदार्थ बहुधा उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात जाऊन बसतो, कारण उजवी श्वासनलिका जास्त सरळ उतरते. पण सर्वांत बोलका पुरावा असतो तो काळाचा. पाणी झपाट्यानं ओसरतं. आज पांढरा धुरकट दिसणारा एक्स-रे २४ ते ७२ तासांत पुष्कळसा स्वच्छ होऊ शकतो. न्यूमोनिया इतक्या लवकर हटत नाही, उलट एक-दोन दिवसांत ताप आणि कफ वाढतो. ताप आणि पांढऱ्या पेशी यांच्यावर मात्र पहिल्या काही तासांत फार विसंबता येत नाही, कारण नुसत्या फिटनंही दोन्ही थोड्या वेळासाठी वाढू शकतात. दोन्ही गोष्टी एकाच रुग्णात एकत्रही असू शकतात.

पाणी इतकं लवकर जातं कसं, हे मला या साऱ्या गोष्टीतलं सर्वांत दिलासा देणारं वाटतं. वायुकोशांच्या अस्तरातल्या पेशी सोडियम सतत आत खेचून रक्ताकडे पाठवत असतात, आणि सोडियमच्या मागोमाग पाणीही जातं. अस्तर फार दुखावलेलं नसेल तर हा उपसा थांबत नाही. रुग्णालयाचं काम मुख्यतः एवढंच, की तोवर माणसाला प्राणवायू कमी पडू द्यायचा नाही आणि दुसरी फिट येऊ द्यायची नाही.

म्हणून उपचारात पहिला मान ऑक्सिजनला आणि फिट थांबवणाऱ्या औषधांना. ही औषधं श्वास थोडा मंदावू शकतात, त्यामुळे ती देताना नजर ठेवावी लागते, पण फिट चालू राहू देणं त्याहून जास्त धोक्याचं. साध्या मास्कनं भागलं नाही तर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दाबानं हवा देतात. रुग्ण बेशुद्ध असेल, उलटीची भीती असेल, तर नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागतो. हवेचा तो दाब मिटू लागलेले वायुकोश उघडे ठेवतो. लघवी वाढवणारी औषधं कधी देतात, पण जपून. या रुग्णाच्या अंगात एकूण पाणी वाढलेलं नसतं, ते फक्त चुकीच्या जागी गेलेलं असतं. जास्त लघवी करवली तर रक्तदाब पडू शकतो. व्हेंटिलेटर हा शब्द ऐकून घरच्यांचा धीर सुटतो. इथं तो बऱ्याचदा एक-दोन दिवसांचाच आधार असतो.

मृत्यूचा विषय टाळून पुढं जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. अपस्मार असलेल्या प्रौढांपैकी वर्षाला साधारण दर १०००मागं एकाचा अचानक, दुसरं कारण न सापडता मृत्यू होतो. लहान मुलांत हे प्रमाण बरंच कमी, साधारण ४५००मागं एक. वैद्यकीय जगात याला सुडेप म्हणतात. अशा मृतांच्या शवविच्छेदनात फुफ्फुसं पाण्यानं जड झालेली अनेकदा सापडतात. म्हणजे पाण्यानंच मृत्यू झाला, असं मात्र म्हणता येत नाही. रुग्णालयात निरीक्षणाखाली असताना झालेल्या अशा मृत्यूंचा जो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात मोठ्या फिटनंतर काही मिनिटांत आधी श्वास आणि मग हृदय बंद पडल्याचं दिसलं. बहुतेक जण पालथे पडलेले होते. फुफ्फुसातलं पाणी त्या घटनाक्रमातला एक दुवा असू शकतं. धोका सर्वांत जास्त कुणाला, हे मात्र स्पष्ट आहे: ज्यांच्या टॉनिक-क्लोनिक फिट्स आटोक्यात नाहीत, विशेषतः ज्यांना त्या झोपेत येतात आणि जवळ कुणी नसतं त्यांना.

फिट थांबल्यावरची वेळ

फिट चालू असताना काय करायचं ते पुष्कळांना माहीत असतं: घड्याळ पाहा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा, कापड, पाणी, गोळी काहीही घालू नका. फिट ५ मिनिटांच्या पुढं गेली, किंवा शुद्ध न येताच दुसरी सुरू झाली, तर रुग्णवाहिका बोलवा. फिट जितकी लांबते तितका फुफ्फुसांना धोका वाढतो, त्यामुळे या ५ मिनिटांच्या मर्यादेला इथंही अर्थ आहे.

झटके थांबले की कुशीवर वळवा, तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवा, नाक-तोंड उशीत दाबलं जात नाही ना ते बघा, आणि तिथंच बसून राहा. ‘झोपू दे आता निवांत’ म्हणून दार लोटून जाणं चुकीचं. पहिला अर्धा तास छातीची हालचाल आणि ओठांचा रंग बघत राहायचं. श्वास थांबलाय असं वाटलं तर हाक मारा, हलवा. तरीही श्वास नसेल तर छाती दाबायला लागा आणि मदत बोलवा. घरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेल तर वापरा. फिटनंतर लगेच आकडा कमी दिसेल आणि थंड, हलत्या बोटावर तो चुकेलही. पण काही मिनिटांनीही तो ९०च्या खालीच राहिला, किंवा वर जाऊन पुन्हा घसरू लागला, तर वाट पाहत बसू नका. बसल्यावर बरं वाटतं आणि आडवं झाल्यावर जीव घाबरतो असं शुद्धीवर आलेला माणूस म्हणत असेल, तर तेही पुरेसं कारण आहे.

रुग्णालयात पोहोचल्यावर तिथल्या डॉक्टरांना चार गोष्टी सांगता आल्या तर निदान फार लवकर होतं. फिट किती मिनिटं चालली. उलटी झाली का, आणि झाली तर फिटच्या आधी की नंतर. चेहरा निळा पडला होता का. आणि धाप नेमकी कधी सुरू झाली. मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ असेल तर तो संकोच न करता दाखवा.

टाळण्याचा खात्रीचा मार्ग एकच, मोठ्या फिट्स येऊ न देणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. चुकलेला डोस, जागरण, दारू आणि मनानं बंद केलेली गोळी यांमुळे बऱ्याच फिट्स ओढवतात. दोन औषधं नीट घेऊनही फिट्स चालूच असतील तर अपस्माराच्या तज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये. शस्त्रक्रियेसारखे पर्यायही असतात. आणि ज्यांना एकदा फिटनंतर फुफ्फुसात पाणी भरलं होतं, त्यांना ते पुन्हा होऊ शकतं. डिस्चार्जच्या कागदावर तशी स्पष्ट नोंद करून घ्या, तो कागद अपस्माराच्या फाइलला जोडून ठेवा आणि पुढच्या वेळी कुठल्याही रुग्णालयात गेलात तर विचारण्याची वाट न बघता तो पुढं करा.